कलम दोन

धाकटा आला तो मोटारीचा कर्णा वाजवतच. फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी संत्र्याची झाडं, आणि एवढ्या वाटेवर एरवी कुणी कर्णा वाजवत नसे. थोरली झाडाच्या आळ्यात उतरून मुळांपाशी साचलेला गाळ काढत होती. कुणाला काय झालं, म्हणून ती चिखलाच्या हातांनीच घराकडे धावली. बघते तो धाकटा अंगणात उभा, आणि चेहऱ्यावर हसू मावत नाही.

"वहिनी, पुढच्या विस्तारात माझं नाव आहे. राज्यमंत्री."

सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. धाकटी, म्हणजे त्याची बायको, मोटारीतून डबे उतरवत होती. तिने येतानाच फोन करून नणंदेलाही जेवायला बोलावून घेतलं होतं. थोरलीला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. नवरा गेल्यापासून या घराची कामं न बोलता वाटली गेली होती. धाकट्याने राजधानी सांभाळायची, थोरलीने बाग. तो निवडणुका लढवत राहिला, ही छाटणी, फवारणी, तोडणी आणि पाटाचं पाणी बघत राहिली. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा दोघांचा अलिखित करार. दीर आणि भावजय म्हणून दोघांचं छान जमायचं, ते बहुधा त्यामुळेच.

नणंद आली तेव्हा पानं मांडून झाली होती. ती वकील. शहरात तिचं चांगलं बस्तान होतं. थोरलीकडे बघून ती "कशी आहेस?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आईशेजारी जाऊन बसली. सासरे गेले त्या वर्षापासून या दोघींचं बोलणं असंच होतं, पाहुण्यांसमोर शोभेल एवढंच. सासऱ्यांनी जाताना सगळी जमीन धाकट्याच्या नावे केली होती. थोरला त्याआधीच गेला होता, आणि नणंदेने आपला हक्क सोडल्याची सही केली होती. तेव्हा कोण कोणाच्या बाजूने होतं, यावर दोघींनीही मनात आपापला निकाल लावून टाकला होता. तो कधी बोलून दाखवला नव्हता, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

जेवताना धाकटा खुशीत होता. मंत्रिपद पक्कं आहे, फक्त हे एक अधिवेशन नीट पार पडायला हवं, असं तो सांगत होता. शेती आणि पाणीवाटपाचं नवं विधेयक येतंय. पक्षाने सगळ्यांना बजावून ठेवलंय की एकही मत इकडचं तिकडे होता कामा नये. कायदाही चांगला आहे. पाटाचं पाणी कुणीही उठून पळवतो, नुकसानभरपाई भलताच खाऊन जातो, ते आता बंद. पाणी मिळेल, भरपाई मिळेल, पाणीसमितीवर बसता येईल, पण ते खऱ्या शेतकऱ्याला.

"खरा शेतकरी म्हणजे कोण?" थोरलीने सहज विचारलं. ती त्याला वाढत होती.

"म्हणजे काय वहिनी, ज्याच्या नावावर जमीन आहे तो."

वाढता वाढता थोरलीचा हात थांबला. तिच्या आधी नणंदच बोलली.

"कलम दोन," ती म्हणाली. "व्याख्या. मी वाचलंय ते. शेतकरी म्हणजे जिच्या नावे शेतजमीन आहे अशी व्यक्ती. बस. पुढे स्वल्पविरामसुद्धा नाही."

"मग बरोबरच आहे की," धाकटा म्हणाला.

"बरोबर आहे. म्हणजे या घरात शेतकरी एकच. तू."

धाकटा हसला. त्याला तो विनोदच वाटला होता. पण बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

थोरलीच्या डोळ्यांसमोर पाट उभा राहिला होता. पाणीसमितीवर ती कितीतरी वर्षं बसत होती, पण ते 'दिरांच्या वतीने'. जुन्या नियमात तेवढी सैल जागा होती आणि कालव्याचे अधिकारी तिकडे काणाडोळा करत. तिच्यासारखे पाटावर निम्मे तरी असतील. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. बाप शहरात मुलाकडे राहायला गेल्यावर इथे एकट्याने राबणारा दुसरा मुलगा. काकांचं रान कसणाऱ्या त्या दोघी बहिणी, ज्यांच्या काकांना आपलं रान कुठल्या दिशेला आहे हेही सांगता आलं नसतं. उद्या या सगळ्यांना पाटाच्या दारावरूनच माघारी पाठवणार.

"वहिनी, तुमचं काय अडणार आहे?" तिचा चेहरा बघून धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "मी आहे ना. पाण्याच्या दर पाळीला सही करून देत जाईन."

"भाऊजी, पाटाचं दार पहाटे उघडतं. तुमची सही दुपारशिवाय मिळत नाही, आणि ती आमदाराची. मंत्र्याची कधी मिळेल ते मला ठाऊक नाही."

"आणि माझ्या मधमाश्या?" धाकटी मध्येच म्हणाली. तोवर ती नवऱ्याच्या कौतुकात होती. बागेच्या कडेने तिने मधाच्या पेट्या ठेवल्या होत्या, सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांची उस्तवार स्वतः करायची, आणि गेल्या वर्षी गारपिटीत निम्म्या पेट्या फुटल्या होत्या. "परत गारा पडल्या तर भरपाई कुणाला?"

"जमीनमालकाला," नणंद म्हणाली.

"म्हणजे यांना? हे तर पेटीच्या जवळसुद्धा जात नाहीत. चावतात म्हणून."

आता हसू आलं ते सगळ्यांनाच, धाकट्याखेरीज. त्याने पाणी प्यायलं आणि आवाज चढवला. कायदा एका घरासाठी नसतो, म्हणाला. व्याख्या सैल ठेवली की उद्या कुणीही येऊन सांगेल की मी कसतो, आणि भांडणं कोर्टात वीस वर्षं चालतील. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. नणंदेने मान डोलावली. थोरलीलाही ते पटण्यासारखं होतं. पण तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या जेवताना सहसा गप्प असत आणि सगळे त्यांना विसरत.

"या बागेची पहिली आळी मी खणली," त्या म्हणाल्या. "तुझे वडील खुणेच्या खुंट्या मारत पुढे जायचे आणि मी मागून खणत यायचे. तू तेव्हा माझ्या पोटात होतास. मग मी कोण रे?"

"आई, तू... ते तसं नसतं."

"मग कसं असतं, ते सांग."

धाकट्याने हात धुतले, राजधानीत उद्या लवकर बैठक आहे असं काहीतरी पुटपुटला आणि मोटार काढली. बायकोला म्हणाला, चल. धाकटी म्हणाली, मी उद्या येईन. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला एकट्याला जाऊ देण्याची तिची ही पहिलीच वेळ. मोटार फाटकाबाहेर गेली, या खेपेला कर्णा न वाजवता.

थोरली तडक फळं निवडायच्या शेडमध्ये गेली. तोडणी संपली होती, पण शेवटच्या खेपेची संत्री निवडायची राहिली होती, आणि हाताला काम असलं की तिचं डोकं ठिकाणावर राही. थोड्या वेळाने नणंद आत आली. समोरच्या पालथ्या पेटीवर बसली आणि तीही संत्री निवडू लागली. डागी एकीकडे, बिनडागी एकीकडे. लहानपणी याच शेडमध्ये शिकलेलं काम ती विसरली नव्हती.

"मला वाटायचं, तू आणि तो मिळून केलंत," एक पेटी निवडून झाल्यावर नणंद म्हणाली. "बाबांना तूच पटवलंस, बाग एकत्र राहावी म्हणून. आणि मला अलगद बाजूला काढलंत."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. "मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, तुम्ही सही केलीत ती माझा पत्ता कापायला. वकील माणूस न वाचता सही करेल, हे मनाला पटेना."

"मी तेव्हा वकील नव्हते गं, लेक होते. बाप चालला होता माझा. समोर कागद आला, मी सही केली."

शेडच्या पत्र्यावर पानं घासत होती. मग थोरलीला हसू फुटलं, आणि ते बघून नणंदेलाही. इतकी वर्षं दोघी एकमेकींना पाताळयंत्री समजत होत्या, आणि दोघींनाही कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

"एक दुरुस्ती मांडता येईल," हसू ओसरल्यावर नणंद म्हणाली. "व्याख्येला पुढे एक वाक्य जोडायचं. किंवा जी व्यक्ती ती जमीन प्रत्यक्ष कसते अशी व्यक्ती. पण त्याने जे म्हटलं ते मंत्रीही म्हणणार. उद्या कुणीही उठेल आणि मी कसतो म्हणेल."

"कुणीही उठून कसं म्हणेल?" थोरली म्हणाली. "आसपासच्या रानांतले लोक असतात ना. कोण राबतं ते अख्ख्या पाटाला दिसतं. त्यांना भर सभेत सांगू दे."

नणंदेने ते उचललं. मग दुपार कलेपर्यंत दोघी त्या एका वाक्यामागे लागल्या. नणंद वाक्य म्हणायची, थोरली त्यात कोण सुटतंय ते सांगायची. वाट्याने कसणारे आले का? दोन बहिणी आल्या का? 'प्रत्यक्ष' म्हटलं की पाय मोडून वर्षभर घरात बसलेला माणूस बाहेर पडतो, त्याचं काय? धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. तिने मधमाश्यांचं विचारलं, तेव्हा 'जमिनीवर आधारलेला जोडधंदा' हे शब्द आत आले. बागेत कलम बांधायला इतका वेळ लागत नाही, असं थोरली म्हणाली. नणंद म्हणाली की कायद्याच्या कलमाला जोड बसली नाही तर ते जळत नाही, लोकांना जाळतं.

दुरुस्ती मांडायला सभागृहातला माणूस हवा होता. विरोधी बाकांवर एक निवृत्त शिक्षक होते, वयाने आणि मानाने मोठे. नणंदेने त्यांना वाक्य फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं आणि होकार दिला. नियमाप्रमाणे दुसऱ्या एका सदस्याची सही लागते, ती मी बघतो, म्हणाले. पण पडणार हे धरून चाला, असंही त्यांनी सांगून ठेवलं. सरकारकडे बहुमत होतं आणि पक्षाचा आदेश निघाला होता.

मतदानाच्या दिवशी चौघी सभागृहाच्या सज्जात जाऊन बसल्या. सासूबाईंना सोबत आणू नका असं धाकटी सांगत होती, इतक्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत म्हणून. सासूबाईंना नेमकं तेवढंच ऐकू आलं, आणि त्या सगळ्यांच्या आधी मोटारीत जाऊन बसल्या. त्या जेवणानंतर धाकट्याचं घरात कुणाशीच धड बोलणं झालं नव्हतं. बायकोशीही कामापुरतंच. खाली सत्ताधारी बाकांवर तो समोर बघत बसला होता. त्याने वर मान केली नाही.

थोरली सभागृहात पहिल्यांदाच आली होती. तिला वाटलं होतं, इथे मोठा गंभीर कारभार चालत असेल. बघते तर कुणी जांभया देतोय, कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागलाय, आणि अध्यक्ष एकसुरात कलमं पुकारतायत. कलम एक मंजूर. लोकांच्या पाण्याचा निकाल असा लागतो तर, असं ती मनात म्हणाली. मग अध्यक्ष म्हणाले, कलम दोनला एक दुरुस्ती आहे. त्यांनी शिक्षकांचा उल्लेख केला. मग चष्मा सारखा केला, कागद जरा जवळ धरला आणि दुसऱ्या सहीच्या सदस्याचा उल्लेख केला.

सत्ताधारी बाकांवर एकदम कुजबुज उठली. धाकटीने थोरलीचा दंड इतक्या जोरात धरला की पुढे चार दिवस तिथे वळ राहिला. ती सही धाकट्याची होती.

शिक्षक उठले. माझा घसा बसला आहे, तेव्हा माझ्याबरोबर सही करणाऱ्या सदस्यांनी बोलावं, एवढंच सांगून ते खाली बसले. त्यांचा घसा चांगला खणखणीत होता, हे सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

धाकटा उभा राहिला. थोरलीने त्याची भाषणं ऐकली होती. तो शब्द फेकायचा, हात वर करायचा, टाळीसाठी थांबायचा. आज त्यातलं काही नव्हतं.

"अध्यक्ष महाराज, या विधेयकाप्रमाणे मी शेतकरी आहे," तो म्हणाला. "छाटणीची कात्री मी शेवटची कधी हातात धरली ते मला आठवत नाही. माझ्या वडिलांनी बाग माझ्या नावे केली. माझ्या आईने ती खणली, माझ्या वहिनीने ती जगवली. पाण्याची पाळी कधी आहे असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणतो, वहिनींना विचारा. परवा आईने मला विचारलं की मग मी कोण. मी त्या घरातून निघालो, पण त्या प्रश्नाने काही मला सोडलं नाही. आजही मला उत्तर येत नाही. या सभागृहाला येत असेल तर त्यांनी माझ्या आईला सांगावं. ती वर बसली आहे."

सगळ्यांच्या माना वर वळल्या. सासूबाईंना शब्द कळले नव्हते, पण लेक आपल्याकडे बोट दाखवतोय हे दिसलं, आणि त्यांनी पदर सारखा केला.

कृषिमंत्री जुने, मुरलेले. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. भावना मोठी आहे, पण कायदा भावनेवर चालत नाही, खोट्या दाव्यांना ऊत येईल, वगैरे. धाकट्याने दुरुस्तीतलं पुढचं वाक्य वाचून दाखवलं. कोण कसतं हे त्या पाटावरच्या शेतकऱ्यांच्या खुल्या सभेने ठरवायचं, आणि खोटं सांगणाऱ्याची पाळी जायची. त्यावर मंत्र्यांनी कागद चाळले. पक्षाच्या प्रतोदाने मागून येऊन धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते सज्जातून ऐकू आलं नाही, पण धाकट्याने मान हलवली, आणि ती आडवी.

मतदान उभं राहून होतं. दुरुस्तीच्या बाजूचे सदस्य उभे राहावेत, असं अध्यक्षांनी पुकारलं. विरोधी बाकं उठली. सत्ताधारी बाकांवर धाकटा एकटाच उभा होता. एवढ्या मोठ्या दालनात तो थोरलीला तिच्या लग्नात पहिल्यांदा दिसला होता तसाच दिसला, कोवळा पोर, भावाच्या मागे उभं राहून हसू दाबणारा.

मग त्याच्या मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या दुसऱ्या एका कालव्याखालच्या भागातून निवडून आल्या होत्या. त्यांच्या पलीकडचा, मान खाली घालून बसलेला तरुण सदस्य उठला. प्रतोद एकाला बसवायला धावला, तर त्याच्या पाठीमागे दोघे उठले. ज्यांच्या ज्यांच्या गावांतून पाट जात होता, ते सगळे मनात कुणाची तरी आठवण काढत असावेत. बघता बघता ती बाजू अर्धी उभी होती. नणंद ओठ हलवत मोजत होती. मध्येच तिने मोजायचं सोडलं, कारण आता मोजायची गरजच उरली नव्हती.

अध्यक्षांनी दुरुस्ती मंजूर झाल्याचं सांगितलं. सज्जात टाळ्या वाजवायला बंदी होती. चौघींनी वाजवल्या. शिपाई आला, पण सासूबाईंचा चेहरा बघून परत गेला. शेवटी कृषिमंत्र्यांनी आभाराचं भाषण केलं. कसणाऱ्या हातांचा असा सन्मान करणारं आपलंच पहिलं सरकार, असं त्यांनी ठासून सांगितलं, आणि त्यालाही टाळ्या पडल्या. एवढं बोलून झाल्यावर आदेश मोडणाऱ्यांवर कारवाई करायची सोय पक्षाला उरली नाही.

धाकटा बाहेरच्या लांब ओवरीत भेटला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मंत्रिपद गेलं," तो बायकोला म्हणाला.

"कळलं," ती म्हणाली. "जेवलात का?"

तो थोरलीकडे वळला.

"भाऊजी, रविवारी घरी या," ती म्हणाली. "छाटणी काढलीये. कात्री मी देईन."

कायदा लागू व्हायला पुढचा हंगाम उजाडला. कालव्याच्या कचेरीत नव्या नोंदी आणि समितीची निवड एकाच दिवशी ठेवली होती. थोरलीला वाटलं होतं, वीसपंचवीस माणसं येतील. ती नणंदेला घेऊन कोपऱ्यावरून वळली आणि जागीच थबकली. कचेरीचं आवार भरून माणसं रस्त्यावर आली होती. सायकली कुंपणाला टेकवलेल्या, ट्रॅक्टर आडवेतिडवे लावलेले. वाट्याने कसणारे होते, दोघी बहिणी होत्या, आणि जिने आजवर पाटाकडे फक्त लांबून बघितलं होतं अशी एक म्हातारी खुर्ची घेऊन आली होती. अधिकाऱ्याने दालनाचं दार उघडलं, आत नजर टाकली, बाहेर नजर टाकली आणि टेबल आवारात आणायला सांगितलं.

दिवसभर नोंदी चालल्या. एकजण उभा राही, आणि हा कसतो का, असं सभेला विचारलं जाई. आजूबाजूच्या रानांतले लोक सांगत, हो, कसतो. एका गृहस्थाने छाती पुढे काढून दावा केला, तर त्याला सगळ्यांनी मिळून इतकं हसून घेतलं की तो स्वतःच हसत खाली बसला. थोरलीची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्याने सवयीने विचारलं, "कुणाच्या वतीने?"

"माझ्या," ती म्हणाली.

तिच्यासाठी सभेला प्रश्न विचारायची वेळच आली नाही. समोरून इतका मोठा होकार आला की झाडावरचे पक्षी उडाले. धाकटा मागे कुंपणापाशी उभा होता. त्याला आमदार म्हणून पुढची खुर्ची देऊ केली होती, पण त्याने ती म्हातारीबरोबर आलेल्या एका नातेवाइकाला देऊन टाकली होती.

संध्याकाळच्या आत समिती निवडून झाली, आणि थोरली तिची प्रमुख. भाषण करा, असा आग्रह झाला. तिला भाषण येत नव्हतं, आणि पाटात पाणी सुटलेलं होतं. ती टेबलापाशी गेली, दोन्ही हात त्यावर टेकले आणि आजवर दुसऱ्यांनी विचारलेला, तिने मागे बसून ऐकलेला प्रश्न विचारला.

"बोला. पहिली पाळी कुणाला हवी?"

एवढे हात वर गेले की मागचं बघायला अधिकाऱ्याला खुर्चीवर उभं राहावं लागलं.